मावळचा शिपाई म्हणतो

उजवा गाल झाला होता. डाव्या गालावर फेस होता आणि न्हावी वस्तरा चामड्यावर घाशीत होता. बाकावर बसलेले पेन्शनर मास्तर नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होते. लोणावळ्याच्या बाजारात ज्यांना वाचता येत नाही आणि ज्यांना विकत घेणं होत नाही, ते सगळे त्या वेळी तिथं जमत. "मावळचा शिपाई म्हणतो," मास्तर वाचत होते, "आम्ही आमच्या जावी बांधवांवर बंदूक उचलली नाही." हौशीरामनं ते ऐकलं आणि त्याला काहीच वाटलं नाही. मावळातून पुष्कळ शिपाई गेले होते, कुणी असं म्हणालाही असेल. मग मास्तरांनी पुढचं वाचलं. सुदुंबऱ्याचे नाईक हौशीराम गाडे यांनी जावा बेटावरच्या सुराबाया शहरात वरिष्ठांचा हुकूम धुडकावला. त्यांचा सोबती सोपान यानं आपली बंदूक जमिनीवर ठेवली, समोरच्या जमावाला हात जोडले आणि हात जोडलेल्या अवस्थेतच देह ठेवला. न्हाव्याचा हात थांबला. त्यानं हौशीरामच्या न वाकणाऱ्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग आरशातल्या तोंडाकडे, आणि हळूच म्हणाला, "हेच की ते." बाकावरची माणसं उठली. मास्तर वर्तमानपत्र खाली ठेवून पुढं आले आणि त्यांनी नमस्कार केला. त्यांच्या चश्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. हौशीरामनं त्या चश्म्याकडे पाहिलं. तो खुर्चीवरून उठला, गळ्यातलं फडकं काढून त्यानं खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि अर्ध्या तोंडावरचा फेस तसाच घेऊन बाहेर पडला.

खंडाळ्याच्या रस्त्यानं तो इतक्या जोरात चालत होता की मुंबईहून हवा खायला आलेली बंगल्यांतली माणसं बाजूला होत होती. फेस वाळून गाल ओढला जात होता. त्यानं तो पुसला नाही. आपल्याला एवढा राग कशाचा आला आहे हे त्याला नीट कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणून तो अधिकच वाढत होता. कुणी त्याला शिवी दिली नव्हती. उलट चार माणसं त्याच्यासाठी उठून उभी राहिली होती. पण ती उभी राहिली होती दुसऱ्याच कुणासाठी. तो दुसरा हौशीराम कधी गोळी न घातलेला, शुद्ध, धुतलेला होता. त्यानं याचं नाव घेतलं होतं, गाव घेतलं होतं, हा मोडका हातसुद्धा घेतला होता. महिन्यापूर्वी तळेगावचा श्रीपाद त्याला भेटायला आला होता. श्रीपाद शाळेत शिकवायचा आणि पुण्याच्या एका दैनिकाला मजकूर पाठवायचा. खंडाळ्यातल्या ज्या बंगल्याची हौशीराम राखण करायचा, त्याच्या मागच्या पडवीत दोघं बसले होते. श्रीपाद चांगला माणूस वाटला. त्यानं 'अहो-जाहो' केलं, पाणी मागून घेतलं, घाई केली नाही. आणि हौशीरामनं, दवाखान्यातून सुटून आल्यापासून जे कुणापाशीच बोलला नव्हता, ते सगळं त्याला सांगितलं. सांगता सांगता एका ठिकाणी श्रीपादनं लिहायचं थांबवलं होतं. तेव्हा हौशीरामला वाटलं होतं, हा आता खरा ऐकतोय.

काय सांगितलं होतं त्यानं? लढाईच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुदुंबऱ्याच्या देवळापुढं सरकारी लॉरी आली होती, तिथपासून सांगितलं होतं. पांढऱ्या पडद्यावर जपानी दाखवला होता. दात रक्तानं भरलेले, मुठीत बाईचे केस. पडद्याशेजारच्या माणसानं भोंग्यातून विचारलं, उद्या हा तुमच्या घरी आला तर? बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्या आठवड्यात गावातले पाचजण भरतीला गेले. त्यात तो होता, सोपान होता, रखमाजी होता. मग वर्षं गेली, जपान हरला, सगळे घरी जायच्या गोष्टी करू लागले आणि पलटण जहाजात घालून जावा बेटावर नेली. सांगितलं काय, तर तिकडं जपान्यांच्या छावण्यांत अडकलेली गोऱ्यांची बायकापोरं सोडवायची आहेत. चांगलंच काम होतं. पहिले दोन दिवस लोकांनी त्यांना केळी दिली. सोपाननं त्यांचे चार शब्दही उचलले, भावाला काय म्हणतात, पाण्याला काय म्हणतात. बाजारात खांबाखांबावर कर्णे बांधलेले होते आणि त्यातून दिवसभर एक माणूस बोलत असे. काय बोलतो ते कळत नसे, पण लोक ऐकताना हातातलं काम थांबवत. आणि मग एका दुपारी आपलंच विमान आलं आणि आभाळातून कागद पडले. त्यांवर हुकूम छापला होता, सगळ्यांनी हत्यारं आणून द्या, न देईल त्याला गोळी घालू. पलटणीच्या साहेबांनाही त्या कागदांचा पत्ता नव्हता, असं मागून कळलं. कुठल्या तरी दूरच्या शहरात कुणीतरी ते छापले होते. कर्ण्यातला माणूस मग नुसता बोलत राहिला नाही, ओरडायला लागला. पूर्वी इथं राज्य करणाऱ्या वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, यांना पाठवलंय, आपल्याला पुन्हा गुलाम करायला पाठवलंय, असं तो सांगत होता म्हणे. दुसऱ्या दिवशी केळी देणाऱ्या त्याच रस्त्यावर बांबूची टोकं तासून माणसं उभी होती.

त्या रस्त्यावर त्यांची लॉरी अडली. पुढं माणसं, मागं माणसं. सोपान म्हणाला, मी बोलून बघतो, आणि उतरला. बंदूक त्याच्या खांद्याला होती, ती त्यानं खाली ठेवली नव्हती, उगारलीही नव्हती. त्यानं भावासाठीचा त्यांचा शब्द एकदा म्हटला, मग पुन्हा म्हटला. त्यानंतर तो दिसला नाही, फक्त बांबू वर जाताना आणि खाली येताना दिसले. हौशीरामनं गोळी झाडली. कुणाचा हुकूम नव्हता. पहिला पडला तो एक म्हातारा, चश्मा लावलेला, शाळामास्तरासारखा दिसणारा. बांबू त्याला नीट धरताही येत नव्हता. त्यानंतर किती पडले ते त्याला ठाऊक नाही, कारण मग त्याच्या डाव्या हातातून काहीतरी आरपार गेलं. हे सगळं त्यानं श्रीपादला सांगितलं होतं. नंतर दवाखान्यात एक गंमत कळली, तीही सांगितली होती. पडद्यावरचे तेच रक्ताळलेल्या दातांचे जपानी, हरल्यानंतर, जावातल्या दुसऱ्या एका शहरात आपल्याच पलटणींच्या शेजारी बंदुका घेऊन उभे केले होते. आता ते आपले होते. आणि केळी देणारे आपले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो आगगाडीनं तळेगावला गेला. श्रीपादच्या घरी त्याला खुर्चीवर बसवलं. श्रीपादची बहीण चंद्रिका चहा घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. हौशीराम म्हणाला की हे मी बोललो नव्हतो. श्रीपादनं मान हलवली. त्यानं नाकारलं नाही, आणि तेच हौशीरामला जास्त लागलं. भांडायला आलेल्या माणसाच्या हातून भांडण काढून घेतल्यासारखं झालं.

श्रीपाद शांतपणे सांगू लागला. दिल्लीच्या सरकारला बाहेरची धोरणं ठरवण्याचा अधिकार नाही, ती लंडनमध्ये ठरतात. पण लंडन आणि दिल्ली दोघंही इथली पत्रं रोज वाचतात, भाषांतरं करवून वाचतात. गेले सहा महिने गावोगाव सभा होताहेत, ठराव होताहेत, वलंदेजांच्या साखरेसाठी हिंदी रक्त नको म्हणून. सरकार बिचकलं आहे. अजून रेटा लागला तर सैन्य परत आणावंच लागेल.

"तुम्ही सांगितलंत ते तसंच छापलं असतं तर उद्या विलायतेतल्या पत्रांनी तेच उचललं असतं," तो म्हणाला. "हिंदी शिपायाची साक्ष, जावी लोक रानटी आहेत, त्यांना आवरायला फौज हवीच. मग तुमची पलटण आणखी वर्षभर तिथं सडली असती. तुम्हाला ते हवं आहे?"

हौशीरामला ते नको होतं. रखमाजी अजून तिकडंच होता. पण तेवढ्यानं आपण चूक ठरतो हे त्याला पटत नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, "सोपानला कुनी मारलं ते का न्हाई लिवलं?"

दारातून चंद्रिका म्हणाली, "दादा, त्या दिवशी घरी आल्यावर तू मला सगळं सांगितलं होतंस. त्या चश्मेवाल्या म्हाताऱ्याचंसुद्धा. मला जेवण गेलं नव्हतं." ती दारातून पुढं आली. "मला जे सांगता आलं ते लोकांना का नाही सांगता येत?"

"घरात सांगणं वेगळं," श्रीपाद म्हणाला.

निघताना त्यानं हौशीरामला रविवारच्या सभेचं आमंत्रण दिलं. लोणावळ्याला दुपारी मोठी सभा होती, सैन्य परत आणा असा ठराव व्हायचा होता. हौशीरामनं व्यासपीठावर बसावं, वाटलं तर चार शब्द बोलावेत. हौशीराम हो म्हणाला. चार शब्द त्याच्यापाशी होते. गाडीत बसल्यावर तो ते मनात जुळवू लागला आणि वडगाव मागं गेलं की अजून पुढं आहे याचंही त्याला भान राहिलं नाही. परतीच्या वाटेत एवढंच त्याच्या डोळ्यांपुढं होतं की आपण उभे राहू, सगळ्यांपुढं उभे राहू, आणि आपल्याच तोंडानं बोलू. तोंड आपलं, शब्दही आपले. मग कोण काय करील?

सभेला माणसं खूप आली. खेड्यापाड्यांतून आली, रेल्वेतले कामगार आले, बंगल्यांतले पाहुणेसुद्धा छत्र्या घेऊन कडेला उभे राहिले. व्यासपीठावर मुंबईचे एक वकील अध्यक्ष होते आणि त्यांनी हौशीरामचा चांगला हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. खांबावर लाउडस्पीकरचा कर्णा बांधलेला होता. त्याच्याकडे पाहिल्याबरोबर हौशीरामला सुराबायातला बाजार आठवला. भाषणं झाली. वलंदेज, साम्राज्य, आशियाचा आत्मा. लोक प्रत्येक वाक्याला टाळ्या देत होते. समोर पहिल्याच रांगेत न्हाव्याच्या दुकानातले मास्तर होते, मांडी घालून, मान वर करून. आपण या माणसांवर रागावलो आहोत का? ती तर भली माणसं होती. भाकरी बांधून चालत आली होती, कुणाच्या तरी पोरानं घरी यावं म्हणून. जावातलीही भलीच होती. घरातून निघताना त्यांनीही भाकरी बांधून घेतली असेल, तिकडं जे काय खातात ते. भल्या माणसांना एका जागी जमवायचं, वर कर्णा बांधायचा आणि समोर कोण उभा आहे ते त्यांना सांगायचं. बस्स, एवढंच पुरतं. त्याचं नाव पुकारलं.

तो उभा राहिला. "मी सुदुंबऱ्याचा हौशीराम," तो म्हणाला, आणि त्याला आपला आवाज खांबावरून परत येताना ऐकू आला. "पेपरात माज्या नावानं आलंय ते मी बोललो न्हाई. मी गोळी घातली. एका म्हाताऱ्याला घातली. सोपानला तितल्या लोकांनी मारलं. ती लोकं वाईट न्हाईत, आमी त्यांच्या मुलखात गेलतो, कशाला गेलतो ते आमालाच धड ठावं नव्हतं. आमची पोरं अजून तितंच हाएत. त्यांला परत आना. पर आमच्या तोंडात खोटं घालून नगा आनू."

मैदान गप्प झालं. त्या गप्पपणात त्याला वाटलं की पोचलं. मग मागून कुणाला तरी 'परत आना' एवढंच ऐकू आलं असावं, त्यानं घोषणा दिली, शेजाऱ्यानं उचलली आणि टाळ्यांचा असा लोंढा आला की अध्यक्षांनी उठून हौशीरामच्या गळ्यात हार घातला. मास्तर टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हौशीराम पुन्हा बोलू लागला, ऐका, मी काय म्हनतो ते ऐका, पण माईक आता अध्यक्षांपुढं सरकवला होता. व्यासपीठाच्या पायथ्याशी श्रीपाद टेबलाशी बसला होता. त्याच्या हातात टाक होता आणि तो लिहीत नव्हता. दोघांची नजर एकदा मिळाली. श्रीपादनं ती आधी काढून घेतली.

तिसऱ्या दिवशी हौशीरामनं वर्तमानपत्र स्वतः विकत आणलं आणि बंगल्याच्या पायरीवर बसून अक्षर अक्षर लावून वाचलं. त्याचं शिक्षण चौथीपर्यंतचं होतं, पण तेवढं पुरलं. 'नाईक हौशीराम बोलण्यास उभे राहिले, परंतु हुतात्मा सोबत्याच्या स्मरणाने त्यांचा कंठ दाटून आला व त्यांना अधिक बोलवेना. तो क्षण अविस्मरणीय होता.' त्यानं ते परत वाचलं. मग तो हसला, असा की बंगल्यातली मोलकरीण सरुबाई काय झालं म्हणून बाहेर आली. तो तिला म्हणाला की माझा गळा दाटला होता. ती म्हणाली, दाटायचाच. तिलाही त्यात काही खोटं दिसलं नाही, आणि तेव्हा त्याचं हसू गेलं. पूर्वी त्यानं सरकारच्या भोंग्यावर विश्वास ठेवला होता आणि त्या भोंग्यानं त्याला फसवलं, याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. सरकार परकंच होतं. पण हे आपले होते. हे तुरुंगात जाऊन आले होते, अंगात खादी होती, आणि जे मागत होते तेही योग्यच होतं. योग्य गोष्टीला खोट्याची गरज का पडावी? की त्यांना वाटत होतं, खरं सांगितलं तर मावळातली ही माणसं ते पेलू शकणार नाहीत? त्याला सगळ्यांत जास्त चीड या शेवटच्या शंकेची आली. केळी देणाऱ्यांनी मारलं आणि तरीही केळी देणारे आपले शत्रू नव्हते, एवढी साधी गोष्ट. सुदुंबऱ्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला ती बांधावर उभ्या उभ्या समजली असती.

पावसाळा गेला. दिल्लीत नवी माणसं आली, आपली. दिवाळीनंतर बातमी आली की जावातलं सैन्य परत येणार, उरलेलं सगळं. वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलं, 'लोकमताचा विजय'. ते खोटं नव्हतं. लोकांनीच ते करून आणलं होतं, ठरावांनी, सभांनी, आणि त्या दुसऱ्या हौशीरामनंही त्याला थोडा हात लावला होता. रखमाजी धडधाकट घरी आला आणि बायकोला भेटून दोनच दिवसांनी खंडाळ्याला आला. हौशीरामनं त्याला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. या मिठीसाठी ते खोटं चाललं असतं का? चाललं असतं. तो हे मनाशी कबूल करत होता आणि कबूल करतानाही दातांवर दात आवळलेले होते. चहा पिऊन झाल्यावर रखमाजी इकडचं तिकडचं बोलत राहिला, मग म्हणाला, "तुज्या नावाचा पेपर तिकडं पोचला हुता. हवालदारानं वाचला."

"काय म्हनला?"

रखमाजीनं कप खाली ठेवला. "म्हनला, हौशीरामानं बंदूक उचलली न्हाई तर मग त्या दिवशी लॉरीत माज्या शेजारी कोन उभा हुता?"

ज्यांच्याबरोबर हौशीराम मेला असता, त्यांच्यात आता तो नव्हता, एवढं त्याला त्यातून कळलं. रखमाजी गेल्यावर तो बंगल्याच्या मागं गेला आणि तिथं रचलेली जळणाची लाकडं चांगल्या हातानं एक एक उचलून दरीत फेकू लागला. सरुबाई लांबून बघत राहिली. ढीग संपला तेव्हा त्यानं तिला सांगितलं की मी उद्या गावी जातो.

सोपानची आई बयाबाई सुदुंबऱ्यात एकटीच राहत होती. वर्षभर तो तिच्याकडे गेला नव्हता. आधी दवाखाना होता, मग लाज होती, मग तो पेपर होता. सकाळी तो पोचला तेव्हा ती अंगणात सूप घेऊन भात पाखडत होती. तिनं त्याला ओळखलं, हाताकडे पाहिलं, बस म्हणाली. दाराशेजारच्या भिंतीवर वर्तमानपत्राचा तो तुकडा खळीनं चिकटवलेला होता. शाळेतल्या गुरुजींनी लावून दिला, ती म्हणाली. जो येतो त्याच्याकडून ती तो वाचून घेत होती.

"त्यात कुनी मारलं ते लिवलंय का?" तिनं विचारलं. "मी समद्यांला इचारलं. हात जोडलं म्हनत्यात, देह ठेवला म्हनत्यात. फुडचं कुनी सांगंना."

"न्हाई लिवलं, मावशी."

"तुला ठावं हाय?"

"व्हय."

मग त्यानं सांगितलं. काही कमी केलं नाही, लॉरी सांगितली, बांबू सांगितले, तो म्हातारा सांगितला. तिनं सूप मांडीवर ठेवलं होतं आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. मधेच कुठं तिचा चेहरा मोडला, पण तिनं त्याला थांबवलं नाही. त्याचं संपलं. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या आणि तिनं त्यांना हाकललं नाही.

"त्यानं त्यांचं काय केलं हुतं?" ती म्हणाली.

"काय न्हाई. आमी कोन ते त्यांला कुनीतरी सांगितलं हुतं."

"आन् तुमाला?"

"आमालाबी सांगितलं हुतं, ते कोन ते."

बयाबाईनं भिंतीकडे पाहिलं. हौशीरामला वाटलं, ती आता उठून तो कागद फाडील, आणि आपल्याला तेच हवं आहे हे त्याला कळलं, इतके महिने तेच हवं होतं, कुणीतरी तो फाडावा. ती उठली नाही. तिथं तिच्या लेकाचं नाव छापलेलं होतं. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि ती त्याच्यासमोर सरकून बसली.

"पुन्यांदा सांग," ती म्हणाली. "हळू सांग. गाडीतनं उतरला तितनं."

त्याचा राग गेला नव्हता. तो जाणारही नव्हता. पण वर्षभरात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी तेच पुन्हा विचारत होतं, तसंच्या तसं. त्यानं मोडका हात मांडीवर घेतला.

"उतरताना हसत हुता," तो म्हणाला. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, श्रीपादलाही नाही.